घरात जुनी नाणी सापडली? आधी घासू नका

नाणी शोधायला म्हणून कोणी बसत नाही. आपण शोधत असतो जुनं खरेदीखत, नाहीतर शाळेचा दाखला. ट्रंकेच्या तळाशी हात जातो आणि एक जड पुरचुंडी लागते. गाठ सुटते, आतून काळी-हिरवी, ओळख न पटणारी नाणी घरंगळतात, आणि पहिला विचार येतो तो स्वच्छ करण्याचा. दुसरा येतो, "याचे किती येतील?"

हे दोन्ही विचार थोडे दिवस बाजूला ठेवता यावेत म्हणून हा लेख आहे.

मी स्वतः ते ठेवले नव्हते. आजोबा गेल्यानंतरच्या सुट्टीत त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात मला एक रुपया सापडला. पंचम जॉर्जचा, १९१८ सालचा, काळवंडलेला. मी बारा वर्षांचा होतो. टूथपेस्ट आणि जुना ब्रश घेऊन अर्धी दुपार घासला आणि आरशासारखा चकचकीत करून आजीच्या हातावर ठेवला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "हा त्यांचा नाही," म्हणाली. आजोबांना विचार करताना खिशातला रुपया चाचपायची सवय होती. वर्षानुवर्षं अंगठा फिरून राजाचा गाल तेवढा गुळगुळीत आणि उजळ झाला होता, बाकी सगळा रुपया काळा. आजी त्या उजळ डागावरून तो ओळखायची. मी सगळाच उजळ केला होता.

तेव्हापासून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. संग्राहक ज्याला झीज म्हणतो, तीच घरच्या नाण्यात बऱ्याचदा मोलाची असते. भोक पाडलेलं, चेपलेलं, झिजून सपाट झालेलं नाणं बाजारात पडून राहील, पण ते भोक कोणी, कशासाठी पाडलं हे घरात कोणाला सांगता आलं तर तुमच्याकडे जे आहे ते कुठल्याही संग्रहात मिळणार नाही. तेव्हा पुढच्या पायऱ्यांचा क्रम मोडू नका. माणसं आधी, धातू नंतर, साफसफाई सगळ्यात शेवटी, आणि तीही बहुतेक वेळा नाहीच.

पहिली पायरी: सापडलं तसंच टिपून घ्या

पुरचुंडी सोडण्याआधी तिचा फोटो काढा. डबा असेल तर झाकण उघडल्यावर वरचा थर, मग खालचा. सोबत काय होतं तेही घ्या: दोरा, चिठ्ठी, किल्ली, औषधाच्या बाटलीचं बूच. हा फापटपसारा वाटेल, पण वस्तू कोणाची होती हे कित्येकदा नाण्यापेक्षा त्या बुचावरून कळतं. नाणी वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेली असतील तर तो तुकडा फेकू नका. त्यावर तारीख मिळाली तर पुडी त्या दिवसाच्या आधी बांधलेली नाही एवढं नक्की झालं. मात्र नाणी पुन्हा त्याच कागदात बांधू नका. वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी असतो, त्याने धातू खराब होतो. कागद वेगळा, नाणी वेगळी, आणि दोन्हींवर एकच क्रमांक.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन ठिकाणी सापडलेली नाणी एकत्र करू नका. एका डब्यातली नाणी मिळून एक कागदपत्र असतं. पुराणवस्तूवाले पुरलेला निधी सापडला की त्यातलं सगळ्यात अलीकडचं नाणं आधी शोधतात, कारण तो साठा त्या सालाच्या आधी बंद झालेला असू शकत नाही. घरच्या डब्यालाही हेच लागू. समजा डब्यात १९०७ चा रुपया, १९४४ चा भोकाचा पैसा आणि १९५७ चा एक नया पैसा आहे. म्हणजे निदान १९५७ पर्यंत हा डबा कोणीतरी उघडत होतं. पणजोबा त्याआधी वारले असतील तर शेवटचा पैसा टाकणारा हात वेगळा होता. कोणाचा, हा प्रश्न घेऊनच पुढच्या पायरीवर जायचं.

दुसरी पायरी: माणसांना विचारा, आणि आजच विचारा

नाणी अजून पन्नास वर्षं थांबतील. आत्या थांबेलच असं नाही.

विचारायची एक पद्धत आहे. "हे कुठून आलं?" असं विचारलं की समोरचं माणूस परीक्षेला बसल्यासारखं होतं आणि "काय माहीत बाबा" म्हणून मोकळं होतं. त्यापेक्षा नाणं त्यांच्या हातात द्या आणि जागा विचारा: हे घरात कुठे असायचं? त्याला हात लावायची परवानगी कोणाला होती? ते बाहेर कधी निघायचं? जागेवरून माणसं आठवतात, माणसांवरून प्रसंग. तळहातावरचं वजनसुद्धा आठवण काढतं. फोनवर फोटो पाठवून हे काम होत नाही, समोर बसावं लागतं.

बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करा, अर्थात विचारून. दोन भावंडं दोन वेगळ्या हकिकती सांगतील. न्यायाधीश होऊ नका. दोन्ही लिहा, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घाला. खरं कोणतं हे ठरवायची घाई आपल्याला नाही, आणि कधी कधी दोन्ही खऱ्या निघतात, फक्त दोन वेगळ्या नाण्यांच्या.

आणखी एक. हकिकत ऐकताना नाण्यावरचं साल मध्येच काढून "पण मावशी, हे तर १९३८ चं आहे, १९२० च्या पगाराचं कसं असेल?" असं म्हणू नका. पुढचं सगळं बोलणं बंद होईल. ते नंतर वहीत लिहायचं.

तिसरी पायरी: नाणं वाचा

खाली मऊ कापड घाला आणि नाणं कडेने, अंगठा व तर्जनीत धरा. त्याच्यावर तोंड करून बोलू नका, थुंकीचे बारीक शिंतोडे उडतात आणि पुढे त्यांचे डाग उमटतात. पाच ते दहा पट मोठं दाखवणारं भिंग पुरतं.

अक्षरं झिजली असतील तर खोलीत अंधार करा आणि टॉर्च नाण्याच्या अगदी बाजूने, जवळजवळ टेबलाला टेकवून धरा. तिरप्या उजेडात पुसट उंचवट्यांचीही सावली पडते आणि दिवसाउजेडी न दिसलेला आकडा एकदम वर येतो. नाणं हळूहळू फिरवत चार-पाच फोटो घ्या, एका फोटोत न दिसलेलं दुसऱ्यात दिसेल. कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासायची शाळेतली युक्ती इथे नको. झिजलेल्या नाण्याला तेवढंही घर्षण कशाला?

साल सापडलं तरी ते कोणत्या कालगणनेतलं हे बघावं लागतं. शके असेल तर ७८ मिळवा, विक्रम संवत असेल तर साधारण ५७ वजा करा. हिजरी वर्ष चांद्र असल्याने लहान असतं, म्हणून नुसती बेरीज चालत नाही. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा: १३२९ चं उत्तर १९११ येतं. थायलंडच्या नाण्यांवर बौद्ध संवत असतो, ५४३ वजा करायचे. जपानी नाण्यांवर सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. शोवा, म्हणजे सम्राट हिरोहितोच्या काळातलं असेल तर १९२५ मिळवा, म्हणजे शोवा ३२ झालं १९५७.

अरबी आकडे वाचताना मराठी वाचकाची हमखास फसगत होते. त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा दिसतो आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसतं टिंब. टिंब झिजून गेलं की शंभर वर्षांचा घोळ.

आता सालाबद्दल एक सावधगिरी. नाण्यावरचं साल "याच्या आधीचं नाही" एवढंच सांगतं. ते नाणं घरात कधी आलं, हे सांगत नाही. कधी कधी तर ते कधी पाडलं हेसुद्धा नाही. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा १७८० मध्ये वारली, पण तिचा चेहरा आणि १७८० हेच साल असलेले चांदीचे थेलर त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षं अनेक देशांच्या टांकसाळींत पडत राहिले, कारण तांबड्या समुद्राभोवतीच्या व्यापाऱ्यांचा त्याच नाण्यावर विश्वास होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते मुंबईच्या टांकसाळीतही पाडले गेले. ब्रिटिश हिंदुस्थानातले १८६२ सालाचे व्हिक्टोरिया रुपयेही तेच साल ठेवून पुढची दहा-बारा वर्षं पडले. घरात १८६२ चा रुपया निघाला म्हणून खापरपणजोबा त्या वर्षी कमावते होते असं नाही.

राणीच्या रुपयांवर आणखी एक सोपी खूण आहे. १८७६ पर्यंतच्या रुपयांवर इंग्रजीत तिला राणी म्हटलं आहे, १८७७ पासून सम्राज्ञी. साल पूर्ण झिजलं तरी तो शब्द वाचता आला तर काळाचा अंदाज येतो.

ओळख पटवायला न्युमिस्टासारखी मोफत ऑनलाइन सूची कामाची आहे. देश, धातू, व्यास, वजन टाकून शोधता येतं. पण आधी आपलं आपण वाचून बघा. त्यात मजा आहे.

चौथी पायरी: चुंबक, काटा आणि एक पेला पाणी

धातू ओळखायला रसायनं लागत नाहीत. आधी साधं चुंबक. सोनं, चांदी, तांबं, पितळ, ब्राँझ चुंबकाला चिकटत नाही; पोलाद आणि शुद्ध निकेल चिकटतं. भारतातला १९४७ चा रुपया शुद्ध निकेलचा आहे, तो टक्कन चिकटतो, आणि "आजीचा चांदीचा रुपया खोटा निघाला" असा गैरसमज घराघरांत होतो. तो खोटा नाही, फक्त चांदीचा नाही. अमेरिकेचा १९४३ चा सेंटही चिकटतो. तांबं युद्धाला लागत होतं म्हणून त्या वर्षी तो जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा केला. त्याच वर्षापासून भारतात पैशाच्या मधोमध भोक आलं, तेही धातू वाचवण्यासाठी. महायुद्ध किती दूरवर पोचलं होतं हे मुलांना सांगायचं तर ही दोन नाणी शेजारी ठेवा.

मग वजन. दागिन्यांसाठी मिळतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा लहान डिजिटल काटा घ्या. १८३५ नंतरचा एकसारख्या मापाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. १९४० पासून १९४५ पर्यंतच्या रुपयात चांदी निम्मीच, वजन तेवढंच. ब्रिटनच्या चांदीच्या नाण्यांत १९१९ पर्यंत ९२.५ टक्के चांदी होती, १९२० पासून ५० टक्के आणि १९४७ पासून चांदी नाहीच, तांबं-निकेल. अमेरिकेत डाइम आणि क्वार्टर (दहा आणि पंचवीस सेंटची नाणी) १९६४ पर्यंत ९० टक्के चांदीचे. ब्रिटिश सॉव्हरिन ७.९८ ग्रॅम, बावीस कॅरट सोनं. झिजलेलं नाणं या आकड्यांपेक्षा थोडं कमी भरणारच. जास्त भरलं तर शंका घ्या.

वजन जुळतं पण मन साशंक आहे, तर पाण्याची परीक्षा करा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जे दाखवेल ते नाण्याने हटवलेल्या पाण्याचं वजन. नाण्याच्या वजनाला त्याने भागा. चांगल्या चांदीचा रुपया सुमारे १.१३ ग्रॅम पाणी हटवतो, भागाकार साधारण १०.३ येतो. शुद्ध चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६, पितळेची साडेआठच्या आसपास. आठ-नऊ आलं तर ते चांदीचं नाही. हाती आलेलं नाणं नंतर टिपून कोरडं करा.

फरशीवर आपटून खणखणीत वाजतं का बघू नका. "नाणं खणखणीत आहे" हे माणसांबद्दल बोलायला ठीक, कड मात्र एकदा चेपली की चेपली. आणि कोणी कसोटीच्या दगडावर घासून दाखवतो म्हणालं तर नको म्हणा. हल्ली क्ष-किरणांच्या यंत्रावर ओरखडा न पाडता धातू तपासता येतो, फक्त ते यंत्र पृष्ठभागच वाचतं, जाड मुलाम्याने फसू शकतं, एवढं ध्यानात असू द्या.

पाचवी पायरी: खुणा वाचा

इथे थांबा, घाई करू नका. सूचीत मिळतं ते सगळ्यांच्या नाण्यांचं, तुमच्या नाण्याचं जे वेगळं आहे ते इथेच आहे.

भोक कुठे आहे? राजाच्या डोक्याच्या बरोबर वर असेल तर नाणं गळ्यात किंवा कपड्यावर अडकवताना चेहरा सरळ दिसावा असं पाडणाऱ्याला वाटत होतं. कुठेही, वेडंवाकडं असेल तर फक्त अडकवणं महत्त्वाचं होतं. भोकाची एक कड दोऱ्याने ओढून लांबट झाली आहे का? म्हणजे ते बरीच वर्षं लोंबकळत होतं. दोन बाजूंपैकी एकच बाजू गुळगुळीत असेल तर ती अंगाला लागणारी. कडेवर राखाडी डाग किंवा छोटा उंचवटा म्हणजे कधीतरी डाख देऊन, म्हणजे वितळलेल्या धातूने जोडून, कडी बसवली होती, आता कडी गेली. समोरासमोर दोन ठिकाणी डाखाच्या खुणा असतील तर बटण किंवा साखळीचा दुवा केला असावा.

पृष्ठभागावर लहान लहान ठसे दिसले, फुली, चांदणी, अर्धचंद्र, तर ते खोडकर पोराचं काम असेलच असं नाही. सराफ नाणं तपासून आपला ठसा मारत. चीनमधले व्यापारी परदेशी चांदीच्या नाण्यांवर असेच ठसे उमटवत, आणि एकेका डॉलरवर पाच-दहा ठसे सापडतात. कडेवर खोल खाच असेल तर आत तांबं आहे का, ते बघायला कोणीतरी कापून पाहिलं. म्हणजे ते नाणं एकदा संशयाच्या फेऱ्यातून पार पडलं आहे.

आणि कोरलेली अक्षरं. एखादी बाजू घासून सपाट केलेली, त्यावर आद्याक्षरं किंवा तारीख. इंग्लंडमध्ये १८व्या आणि १९व्या शतकात हा रिवाजच होता. काळ्या पाण्याची शिक्षा होऊन ऑस्ट्रेलियाला निघालेले कैदी तांब्याचं जाड नाणं घासून त्यावर प्रेयसीसाठी, आईसाठी दोन ओळी कोरून मागे ठेवून जात. १७९७ चं, एक औंस वजनाचं पेनी यासाठी सोयीचं होतं, मोठं होतं ना. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलची गोष्ट याहून जड आहे. १७३९ मध्ये स्थापन झालेल्या, सोडून दिलेली मुलं सांभाळणाऱ्या त्या संस्थेत मूल सोपवताना आया खूण म्हणून काहीतरी ठेवत, पुढे कधी मूल परत नेता आलं तर ओळख पटावी म्हणून. त्यात कोरलेली, भोकं पाडलेली, घासलेली नाणी बरीच होती. ती आजही तिथल्या संग्रहालयात आहेत. संग्राहकाच्या भाषेत ती सगळी "खराब" नाणी.

म्हणून प्रत्येक खूण वहीत लिहा, अर्थ कळला नाही तरी. "उजव्या कडेला, दातांनी चावल्यासारख्या दोन खाचा" असं नुसतं वर्णन लिहून ठेवलं आणि दोन वर्षांनी कोणी दूरची काकू म्हणाली, "ते? ते तुझ्या बापाने दात येताना चावलं होतं," तर जागेवर जागा जुळते.

सहावी पायरी: साफसफाई, म्हणजे काय करायचं नाही

चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते. तो काळा थर नाण्याचीच कातडी आहे, वरून बसलेली घाण नाही. घासलं की थराबरोबर खालची चांदीही जाते. टूथपेस्ट, राख, खाण्याचा सोडा, भांड्यांची पावडर ही सगळी कमीअधिक खरखरीत असतात. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांतलं आम्ल तांब्याला खातं आणि मागे गुलाबी, नागडा रंग ठेवतं, जो पुन्हा कधी जुना होत नाही. चांदी चकचकीत करायची तयार औषधंही नकोत.

मग काय चालतं? माती चिकटली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा. रोज पाणी बदला, आठवडाभर धीर धरा. सुटेल ते सुटेल. काढून मऊ कापडावर ठेवा आणि टिपा, पुसू नका. तांब्याची नाणी पूर्ण वाळेपर्यंत बंद करू नका.

नाण्यावर चिकट हिरवा ओशट थर असेल आणि ते मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात असेल तर तो पीव्हीसी या प्लॅस्टिकचा प्रताप आहे. शुद्ध ॲसिटोनमध्ये काही मिनिटं बुडवून काढलं की तो जातो, धातूला धक्का लागत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर घेऊ नका, त्यात तेलं आणि वास मिसळलेले असतात. ॲसिटोन काचेच्या भांड्यातच घ्या, खिडक्या उघड्या ठेवा, आसपास ज्योत नको.

तांब्या-ब्राँझवरचा हिरवा रंग दोन प्रकारचा असतो. कडक, गुळगुळीत, गडद हिरवा थर नाण्याचं रक्षण करतो, त्याला हात लावू नका. फिकट हिरवी भुकटी, बोटाला लागणारी, पुन्हा पुन्हा येणारी, हा मात्र रोग आहे. क्षार आणि दमट हवा मिळून तो धातू पोखरतो. असं नाणं लगेच इतरांपासून वेगळं करा, कोरडं ठेवा आणि संवर्धनाचं काम जाणणाऱ्याला दाखवा.

सातवी पायरी: ठेवायचं कुठे

थोडक्यात सांगतो. पीव्हीसी नसलेली पाकिटं किंवा मायलरची (पारदर्शक, निर्धोक प्लॅस्टिकची) खिडकी असलेले पुठ्ठ्याचे चौकोन घ्या. रबरबँड, लोकर, फोम आणि ताजं लाकूड टाळा, त्यातून निघणारे वायू चांदी काळी करतात किंवा धातू गंजवतात. सिलिका जेलची पुडी सोबत टाका आणि वर्षातून एकदा बदला. स्वयंपाकघर, न्हाणीघर, बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको. स्टेपल मारताना पिन नाण्याला घासणार नाही असं बघा, हे मी महाग पडून शिकलो.

पण सगळंच कुलपात टाकू नका. एक-दोन दणकट, झिजलेली नाणी पोरांच्या हातात द्यायला बाहेर ठेवा. संग्राहक मित्र यावर नाकं मुरडतात, मुरडू देत. ज्या नाण्याला नातीने कधी हात लावला नाही, त्याची गोष्ट ती कशाला लक्षात ठेवेल? "सोळा आणे खरं" किंवा "पै न पै चुकवली" हे शब्द ती रोज ऐकते. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा आणि तीन पैंचा पैसा, म्हणजे रुपयाला १९२ पै. पै आणि रुपया तिच्या तळहातावर शेजारी ठेवले की गणित आणि भाषा दोन्ही एकदम कळतात. चवली (दोन आणे), पावली (चार आणे), अधेली (आठ आणे) ही नावंही तेव्हाच सांगून टाका.

दागिना करायचा असेल तर डाख देऊ नका. नाणं नुसतं धरून ठेवणारी, पुन्हा काढता येणारी चौकट मिळते.

खोटी नाणी आणि खोटी माणसं

ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १६१६, १७१७ किंवा १८१८ असं साल, "एक आणा" किंवा "अर्धा आणा" आणि मागे राम-सीता किंवा हनुमान: हे नाणं चलनात कधीच नव्हतं. नंतर बनवून खपवलेले ते तुकडे आहेत. ते घरात निघालं तर वाईट वाटून घेऊ नका. कोणीतरी श्रद्धेने घेतलं होतं, तेवढा भाग खरा आहे. वहीत दोन्ही गोष्टी लिहा.

"हे नाणं असेल तर लाखो मिळवा" अशा जाहिरातींना उत्तर देऊ नका. आधी कमिशन, कर किंवा नोंदणी शुल्क मागणारा प्रत्येक जण लुबाडणारा आहे. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे की तिचं नाव वापरून असे प्रकार चालतात आणि ती असं कोणतंही शुल्क घेत नाही. विकायचंच असेल तर दोन जाणकारांना वेगवेगळं दाखवा आणि विकण्याआधी हकिकत लिहून झालेली असू द्या. नाणी जमिनीत पुरलेली सापडली असतील तर मामला वेगळा. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा आहे, इंग्लंडमध्ये १९९६ चा कायदा आहे, आणि दोन्हीकडे कळवणं बंधनकारक आहे. भारतातून शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी भावंडाकडे पाठवायचीही परस्पर मुभा नाही, १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो.

वाटणी करताना नाणी मोजून समान वाटू नका. ज्याला ज्या नाण्याची गोष्ट येते त्याला ते द्या, आणि वहीच्या प्रती सगळ्यांना. फोटोही सगळ्यांना.

शेवटची पायरी: कार्ड

प्रत्येक नाण्यासोबत एक कार्ड. शाई पाण्याने न पसरणारी, कार्ड नाण्याला न टेकणारं. वर काय आहे, कधी सापडलं, कोणी काय सांगितलं, खुणा काय आहेत, आणि तुम्ही स्वतः त्याला काय केलंत. शेवटचा मुद्दा लोक गाळतात. माझ्याकडचं एक कार्ड असं आहे:

"रुपया, पंचम जॉर्ज, १९१८. वजन ११.४२ ग्रॅम. आजोबांच्या काळ्या कोटाच्या आतल्या डाव्या खिशात. विचार करताना अंगठ्याने राजाचा गाल घासत असत (सांगणार: आजी). अंगठ्याची खूण आता दिसत नाही. दोन्ही बाजूंचे बारीक ओरखडे माझे, टूथपेस्टचे, वय १२. आजीने ओळखला नाही. तिरप्या उजेडात गालाचा भाग अजूनही किंचित खोलगट वाटतो, फोटो क्रमांक ७ पाहावा."